सातशे रुपयांचं घर

मुंजाजीने मुंबईला जाऊन रंगनाथची खोली बघायची आणि परत येऊन तो सांगेल त्यावर रंगनाथच्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरवायचं, असं पाथरीच्या बैठकीत ठरलं.

खरं तर ही रीत उलटी झाली. आपल्याकडे मुलीची माणसं मुलाचं घर बघायला जातात. गोठा बघतात, विहीर बघतात आणि घरातल्या कणगीवर सहज टेकल्यासारखं करून थाप मारतात. ज्वारी भरलेली असली तर आवाज दबका येतो, रिकामी असली तर घुमतो. म्हणून मुलाकडचे लोक आदल्या दिवशी शेजाऱ्याची ज्वारी आणून कणगी भरतात. हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं. बघणारा जे दिसेल ते मनात निम्मं करतो आणि चहा पिऊन उठतो. यात कुणी कुणाला फसवलं असं होत नाही.

इथे मात्र मुलीच्या भावाचं घर बघायचं होतं, कारण भावाचा पगार सातशे रुपये होता.

रंगनाथ बोरीचा. बाप सिताराम गावच्या शाळेत शिपाई होता. समुद्राच्या पाण्यात कोणतं लोखंड लवकर गंजतं, कोणतं टिकतं, हे तपासायचं काम रंगनाथ मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत करत असे. वस्तीतला पहिलाच शास्त्रज्ञ. ते काम काय असतं हे सितारामला सांगता येत नव्हतं, पण पगाराचा आकडा सांगता येत होता. जिंतूरच्या बाजारात, एस.टी.त, शाळेच्या व्हरांड्यात त्याने तो इतक्यांदा सांगितला होता की पाथरीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला नाही.

पाथरीचे तात्याराव म्हणजे मुलाचे वडील. मुलगा तहसील कचेरीत कारकून होता. बैठकीत तात्यारावांनी सुपारी कातरत सांगितलं, "आमी हुंडा घेणारी माणसं न्हाई. धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात तो शब्द न्हाई. तुमी तुमच्या पगाराला शोभंल तसं करा."

पगाराला शोभेल तसं म्हणजे काय, ते शेजारी बसलेल्या मुंजाजीने हळूहळू उलगडलं. मुंजाजी दोन्हीकडचा नातलग, सोयरिकी जुळवणारा. जावयाला फटफटी, पाथरीच्या सगळ्या वस्तीला जेवण आणि पोरीच्या अंगावर चार तोळे.

रंगनाथने शांतपणे समजावायला सुरुवात केली. त्याला वाटत होतं की गोष्ट नीट मांडली की कुणालाही पटते. तो म्हणाला, तुमच्या मुलाला तीनशे मिळतात, पण घर तुमचं आहे, ज्वारी शेतातली, दूध गोठ्यातलं, सरपण बांधावरचं. त्याचे तीनशे जवळजवळ तसेच राहतात. मला खोलीचं भाडं आहे. ती खोली मिळवायला आधी पागडी द्यावी लागली, त्यासाठी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढलं, त्याचा हप्ता दर महिन्याला कापून जातो. रॉकेल, दूध, धान्य, सगळं विकत. घरी पाठवतो ते वेगळं. महिनाअखेर माझ्यापेक्षा तुमचा मुलगा श्रीमंत असतो.

तात्याराव हसले. "सायेब, सातशेवाला रडायला लागला तर आमच्यासारख्यानं काय गोदावरीत उडी घ्यावी?"

बैठक हसली. सितारामही हसला, कारण त्यालाही ते खरं वाटत नव्हतं.

"मग येऊन बघा," रंगनाथ म्हणाला.

परतताना एस.टी.त सितारामने मुलाला विचारलं की खोली तशीच दाखवणार का. रंगनाथ म्हणाला, तशीच.  सिताराम म्हणाला, "जरा बरं करून दाखव. लोक करतेत." रंगनाथ म्हणाला, बरं करून दाखवलं तर फटफटी द्यावी लागेल.

महिन्याभराने मनमाडला गाडी बदलून मुंजाजी मुंबईला पोचला. आदल्या दिवशी रंगनाथच्या बायकोने, गीताने, शेजारणीकडून दोन खुर्च्या, एक टेबलफॅन आणि स्टीलच्या डब्यांची उतरंड मागून ठेवली होती. तीही पूर्णेकडची मुलगी. पाहुणा बघायला येतो म्हणजे काय करायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. रंगनाथने ते सगळं परत द्यायला लावलं. गीता म्हणाली, "आवो, तो निम्मंच धरणार हाय." रंगनाथला ते कळलं नाही. तो म्हणाला, आहे ते आहे तसं दिसू दे, म्हणजे वाद मिटेल.

मुंजाजीने खोली बघितली. मधे लुगड्याचा पडदा, पलीकडे स्टोव्ह. खाली बसायला सतरंजी. कोपऱ्यात धान्याचा पत्र्याचा डबा होता, त्यावर त्याने सवयीने थाप मारली. डबा घुमला. संडासाला जायला रांगेत उभं राहावं लागलं. जेवताना गीताने त्याच्या ताटात भात वाढला आणि स्वतःला भूक नाही म्हणाली. रंगनाथने पगाराची पावतीसुद्धा त्याच्या पुढे ठेवली, एकेक कपात बोट ठेवून दाखवली. मुंजाजी प्रत्येक ओळीला मान हलवत होता. निघताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवला. रंगनाथला वाटलं, जिंकलं.

पाथरीला जाऊन मुंजाजीने जे पाहिलं ते जराही न वाढवता सांगितलं. शेवटी त्याने आपला हिशेब सांगितला. "तात्याराव, माणूस बघायला येणार म्हणून घर सजवतंय. सजवून एवढंच, तर मी नसताना काय असंल?"

तात्यारावांना पटलं. रंगनाथचं सगळं म्हणणं त्यांना एकदाच आणि पूर्ण पटलं. त्यांनी निरोप धाडला की सितारामभाऊंवर आमचा राग नाही, पण मुलाच्या मागं उद्या सासुरवाडीचंच ओझं यायचं. दोन महिन्यांनी त्यांनी मानवतच्या जकात नाक्यावरच्या कारकुनाची बहीण सून करून घेतली. त्या कारकुनाचा पगार दोनशे दहा होता आणि दारात फटफटी होती.

बोरीत गोष्ट पसरली. शाळेच्या व्हरांड्यात मास्तर सितारामला विचारू लागले, "काय सिताराम, सातशेचं काय झालं?" विहिरीवर बायका कुसुमला विचारायच्या, तुझ्या भावाकडं बसायला खुर्ची बी न्हाई म्हणं. ती बावीस वर्षांची होती. त्या वर्षात आणखी दोन ठिकाणांहून माणसं येणार होती. ती आली नाहीत.

मग मुंजाजीनेच वाईट वाटून एक स्थळ आणलं. जिंतूरजवळच्या खेड्यातला बिजवर, चाळिशीचा, दोन लहान मुलं. त्याची मागणी काही नव्हती. रंगनाथ मुंबईहून धावत आला आणि बापाला समजावू लागला की थांबा, दोन वर्षांत मला बढती मिळेल. कुसुम दारात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता तिने सांगितलं, "मला चालतंय."

लग्न साधं झालं. पांढरी साडी, वंदना, जेवण. नवऱ्याने ओळख करून देताना चारचौघांत सांगितलं की हे माझे मेहुणे, मुंबईला शास्त्रज्ञ आहेत, आणि लोकांनी रंगनाथला हार घातला. निघायच्या वेळी तो जीपजवळ गेला आणि म्हणाला, दिवाळीत येतो घर बघायला.

"येऊ नको दादा," जीपमध्ये बसलेली कुसुम म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. "आलास तर तिथं बी खरं बोलशील."

धाकटं मूल नव्या बाईकडे बघून रडायला लागलं. तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं. ते थांबेना, तेव्हा तिने त्याच्या पाठीत जोराचा धपाटा घातला. मूल एकदम गप्प झालं. जीप सुरू झाली.