शेवटचं वाक्य सोडून

ऑब्री पिंचबेकने कंदिलाची काच वर उचलली, वात खाली केली, फुंकर मारली आणि तोंड मिटून उभा राहिला. मग हातातली काठी रंगमंचाच्या फळ्यांवर आपटली. टक, टक.

"पडदा," विंगेतल्या स्टुलावरून प्रॉम्प्टर ग्लेनिस म्हणाली आणि तालीम संपली.

नाटकातलं शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नाही, हा तिथल्या नटमंडळींचा जुना नेम. त्या जागी कुणी खाकरतं, कुणी चुटकी वाजवतं. ऑब्री काठी आपटायचा. वाक्य तोंडातून काढायचं ते थेट पहिल्या प्रयोगाला, माणसांनी भरलेल्या नाट्यगृहात. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक पुरं केलं तर ते त्या खुर्च्यांचंच होऊन बसतं म्हणे. अर्थात जुन्यांपैकी कुणी त्या खुर्च्यांना रिकाम्या म्हणतही नसे.

दिग्दर्शक जाइल्स लंडनहून आलेला, तिशीतला. मोरकमसारख्या समुद्रकाठच्या गावातल्या मंडळींच्या या समजुतींना तो हसायचा, पण मंडळींनी त्याचं काही चालू दिलं नव्हतं. तो खाली प्रेक्षागृहातून वर आला आणि ऑब्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऑब्री, ते वाक्य पाठ आहे ना?"

"पाच शब्द आहेत रे."

"मंगळवारी दुसऱ्या अंकात दोनदा अडलात. काल एकदा. हे बघा, मला वाईटपणा घ्यायचा नाहीये. पण बदली नट डग्लसला तुमचं सगळं काम पाठ आहे. शनिवारी पहिल्या प्रयोगात काही झालं, तर पुढचे सगळे प्रयोग त्याच्याकडे जातील."

"शनिवारी काही होणार नाही."

"मग झालं तर." जाइल्सने खांद्यावर थोपटलं आणि तो गेला.

ऑब्रीही रंगपटाकडे निघाला. मागचं दार सताड उघडं टाकून. ग्लेनिस कुरकुरत उठली आणि तिने ते लावलं. तिचं हे रोजचंच काम होऊन बसलं होतं. "जन्मात एकदा तरी दार लावलंय का हो या माणसाने?" ती कुणाला तरी विचारायची.

खरं सांगायचं तर वाक्य पाठ नव्हतं. बाकीचं नाटक कसंबसं टिकून होतं. ते पाच शब्द तेवढे राहत नव्हते. सकाळी खाणावळीत खारवलेल्या माशाबरोबर तो ते वाचायचा, डोळे मिटून म्हणायचा, आणि दुपारच्या चहापर्यंत ते गेलेले असायचे. कागद उघडून पुन्हा बघायचं. आता कुणी यायचं राहिलं नाही. एवढंच तर होतं! रेल्वेफाटकाचा म्हातारा रखवालदार, शेवटची गाडी निघून गेलेली, तो कंदील विझवतो आणि हे म्हणतो. तालमीत काठी आपटायची सोय होती, म्हणून तीन आठवडे कुणाला पत्ता लागला नाही.

त्याला या वयात हे काम मिळालं याचंच खाणावळीच्या मालकिणीला नवल. आयुष्यभर त्याने बटलर केले, हवालदार केले, धर्मगुरू केले, पहिल्या अंकात मरणारे काका केले. त्याचा चेहरा सगळ्या देशाला माहीत आणि नाव कुणालाच नाही. समुद्रकाठच्या रस्त्यावर बायका थांबवायच्या.

"अहो, तुम्ही आमच्या गॅसच्या ऑफिसात होतात ना?"

"नसेन बहुतेक."

"थांबा थांबा! परवा टीव्हीवर पाच मिनिटांत गेलात, ते तुम्हीच!"

"मीच तो. लवकर गेलो, माफ करा."

नाटक संपेपर्यंत रंगमंचावर उरलेला असा तो कधी नव्हताच. पडदा पडायच्या आत त्याचा रंग पुसून व्हायचा आणि पलीकडच्या पबमध्ये अर्धा ग्लास रिकामा झालेला असायचा. बाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा शेवटचं वाक्य त्याच्या वाट्याला आलं होतं. ते हातचं गेलं, तर यापुढे त्याला कुणी बोलावणार नव्हतं. मग म्हाताऱ्या नटांच्या आश्रमात, खिडकीशी एक खुर्ची. त्याला या खुर्चीची मरणाची भीती वाटायची.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याने कुणाजवळ काढली नव्हती.

त्याची बायको हेस्टर प्रॉम्प्टर होती. ती विंगेत अशी कुजबुजायची की नटाला स्पष्ट ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला मागमूस लागू नये. वाक्य देण्याआधी ती एक बारीकसा श्वास आत ओढायची. तो श्वास ऐकला की अर्ध्या वेळा ऑब्रीला वाक्य आपलं आपणच आठवायचं. घरीही तसंच. "तो आपला, तो कोण गं, लीड्सचा..." असं तो म्हणाला की स्वयंपाकघरातून नाव यायचं. आपण विसरभोळे आहोत हे लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं, इतकं तिने ते झाकून ठेवलं होतं. हेस्टरला जाऊन दोन हिवाळे झाले.

आणि या तालमींत, रोज काठी आपटल्यावर, त्याला तो श्वास ऐकू यायचा.

ग्लेनिसच्या बाजूने नाही. ती उजवीकडे, हातातली संहिता मिटत असायची. श्वास डावीकडच्या विंगेतून यायचा. तिथे दोरखंड आणि वाळूच्या पिशव्यांशिवाय काहीही नव्हतं. त्याने दोनदा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा जायचा धीर झाला नाही. न जाणो कुणी सापडलं तर, आणि न सापडलं तर, दोन्हीचं भय सारखंच.

शनिवारी पहिला प्रयोग दुपारचा होता, पेन्शनरांसाठी. नाट्यगृह काठ्या, टोप्या आणि खोकल्यांनी भरलं होतं. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात तो एका जागी अडखळला, पण पाइप पेटवण्याचं निमित्त करून निभावून नेलं. तिसऱ्या अंकात एकेक पात्र निरोप घेऊन गेलं. गाडीचा आवाज लांब लांब जाऊन विरला. ऑब्रीने कंदिलाची काच वर उचलली, वात खाली केली, फुंकर मारली.

आणि वाक्य नव्हतं.

काठी हातात होती, पण आज ती आपटून भागणार नव्हतं. त्याने उजवीकडे पाहिलं. ग्लेनिसचे ओठ हलत होते, पुन्हा हलले, पण त्याच्या कानांपर्यंत काही येईना. मागे भिंतीला टेकून जाइल्स उभा होता. खाली एकही खोकला नाही.

मग डावीकडून तो बारीक श्वास आला.

ऑब्री त्या बाजूला वळला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तो बोलला. अगदी हळू, समोर कुणी असल्यासारखं. पडदा पडला. मग पडद्याबाहेर कुणीतरी नाक शिंकरलं, आणि त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेचना.

रंगपटात तो तोंडाला क्रीम फासत होता तेव्हा जाइल्स आत आला.

"ऑब्री, ते नाटकातलं वाक्य नव्हतं."

"नव्हतं?" ऑब्रीचा हात थांबला. "मग... डग्लस?"

"डग्लसचं सोडा. लेखकाला फोन करून आलोय. मी ते वाक्य म्हणून दाखवलं, तर तो म्हणाला, हेच ठेवा. आता रोज तेच म्हणायचं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, कळलं?"

तो गेल्यावर ऑब्री आरशाकडे बघत राहिला. दारात ग्लेनिस येऊन उभी होती.

"ग्लेनिस, मी काय म्हणालो गं?"

"थट्टा करताय?"

"नाही पोरी. मला खरंच माहीत नाही."

ती आत आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली. "तुम्ही म्हणालात, 'दार लोटून घे, वारा येतोय.'"

ऑब्रीने क्रीमचा डबा खाली ठेवला. टॉवेल उचलला, तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ग्लेनिसला त्याचे खांदे दिसत होते.

"हेस्टर रोज म्हणायची," टॉवेलच्या आडून तो म्हणाला. "प्रयोगाहून घरी आलो की रोज. मी कधी लोटलं नाही. तीच उठायची."

"मी दोनदा खरं वाक्य दिलं हो. दुसऱ्यांदा तर ओरडायचीच राहिले होते. पहिल्या रांगेतली बाई माझ्याकडे बघायला लागली."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"कुणी चुकीचं प्रॉम्प्टिंग केलं की तिला राहवायचं नाही."

"चुकीचं कसं? छापलेलं वाक्य आहे!"

"कुणी यायचं राहिलं नाही म्हणे!" ऑब्रीने मान हलवली. "मला ते पाठच होईना, ते उगाच नाही."

ग्लेनिसने हातातल्या संहितेचं शेवटचं पान काढलं. पेन्सिल हातात घेतली, जरा घुटमळली. "मग आता मी नवं लिहून ठेवू ना? उद्या अडलात तर मी कोणतं देऊ?"

"जुनंच दे. आणि आजच्यासारखंच मोठ्याने दे."

ग्लेनिसने पेन्सिल खिशात टाकली.

तो बाहेर पडला तेव्हा चांगलं ऊन होतं, पण खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. मागच्या दाराशी एनॉक, नाट्यगृहाचा रखवालदार, किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता. दोघं एका वयाचे, एकमेकांना शिव्या घालण्याइतके जुने.

"काय रे म्हाताऱ्या, म्हणे लोकांना रडवलंस? तुझं काम बघून मला आजवर हसूच आलंय."

"तिकीट काढून ये, मग बोल."

"तू शेवटचाच ना? की आत आणखी कुणी यायचं राहिलंय?"

ऑब्री बाहेर पायरीवर उतरला आणि दार हाताने उघडं धरून तिथेच उभा राहिला. वारा आत घुसला, एनॉकच्या टेबलावरचं वर्तमानपत्र उडून खाली पडलं.

"अरे, दार! वारा येतोय, दिसत नाही का?"

ऑब्री थोडा बाजूला सरला, वाट देण्यासाठी सरावं तसा. जरा वेळ थांबला. मग त्याने दार हलकेच लोटून घेतलं.