बाबांची दाद

“मला तर चक्क तिच्या वडिलांचा श्वास ऐकू आला हो त्या चेलोत!” मोत्यांची माळ घातलेल्या बाई डोळे टिपत म्हणाल्या. कार्यक्रम संपला होता आणि सभागृहाबाहेर घोळका चेलो वाजवणाऱ्या धाकटीची वाट बघत होता. तिची थोरली बहीण, म्हणजे मी, त्यातच चडफडत उभी होते.

श्वास म्हणे! बाबांचा श्वास मी ऐकलाय. कफ भरला की रात्रभर घरघरायचा. दिवसभर लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री करायची आणि घरी येऊन त्यांना उठवून बसवायचं, पाठ चोळायची, हे शेवटपर्यंत मी केलं. धाकटी दूरच्या शहरात. दौरे आणि तालमी, तालमी आणि दौरे. रविवारचा फोन मात्र कधी चुकवला नाही हं बाईसाहेबांनी.

आज वाजवण्याआधी ती सगळ्यांना म्हणाली, “यातला संथ भाग मी बाबांना फोनवर ऐकवायचे. शेवटच्या रविवारीसुद्धा ते ‘छान’ म्हणाले.” सगळं सभागृह हळहळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांना शेवटची दोन वर्षं अजिबात ऐकू येत नव्हतं. “तिला सांगू नकोस, वाजवायची थांबेल,” असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी धरायचे आणि तिचं वाजवून झालं की त्यांच्या हातावर थोपटायचे. मग ते म्हणायचे, “छान!” पुढचं बोलणं मी निभावून न्यायचे. ही एकदा जरी घरी आली असती, तरी दारातच हिला कळलं असतं. एकदा!

आणि तोच भाग आज ऐकताना मला रडू आलं. त्याचा तर जास्तच राग आला.

“चांगलं झालं, पण मागची वाद्यं फार कलकलत होती,” एक चष्मेवाले गृहस्थ कुरकुरले. एवढा एकच माणूस मला आवडला.

धाकटी बाहेर आली. लोकांनी तिला गराडा घातला. तिने मला हाताला धरून पुढे ओढलं. “ही माझी ताई. बाबांजवळ हीच असायची.”

“अय्या, म्हणजे तुम्हाला दर रविवारी फुकटात मैफल!” मोत्यांच्या बाई म्हणाल्या.

“बाबांना ऐकू येत नव्हतं,” मी मोठ्याने म्हणाले.

बाईंनी छातीवर हात ठेवला. “अगं बाई! ऐकू येत नसतानाही वाजवायची पोर! केवढी ही माया!” कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. बाकीच्यांनी री ओढली. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

“ताई, काहीतरीच काय?” धाकटी हळूच म्हणाली. “छान म्हणायचे ना ते?”

“मी हातावर थोपटलं की म्हणायचे. आली असतीस तर दिसलं असतं.”

बोलून टाकलं की मोकळं वाटेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. टाळ्या चालूच होत्या. एरवी टाळ्या पडल्या की धाकटी हसून कमरेत वाकते. आज ती वाकली नाही. माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.