दोनशे चाळीस किलोमीटर पूर्वेला

टायर बदलून होईपर्यंत पाच वाजले. विमान छोटं, बारा आसनांचं. आठवड्यातून दोनदा इथून पूर्वेकडच्या गावी जायचं. नकाशावर पट्टी ठेवली की अंतर दोनशे चाळीस किलोमीटर. वारा नसेल तर वेळ एक तास. उड्डाणांची आकडेमोड करणारी मुलगी ही पट्टी हातातून सोडायची नाही, म्हणून कप्तान तिला पट्टीबाईच म्हणायचे.

त्या गावच्या धावपट्टीवर तिचे बाबा वाट बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी तिथं झेंडे हलवत विमानं उतरवून घेतली होती. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि हे शेवटचं विमान.

"समोरून वारा आहे," ती म्हणाली. "एकोणसत्तर मिनिटं लागतील. पाच दहाला निघालात तर सहा एकोणीसला पोचाल."

"आणि फळ्यावर सूर्यास्त सहा अठ्ठावीसचा," कप्तान भिंतीकडे बघत म्हणाले. " नऊ मिनिटं हातात! बाबांना म्हणावं, झेंडे झटकून ठेवा."

तिकडे धावपट्टीला दिवे नव्हते. सूर्य मावळायच्या आत उतरायचं, हा नियम.

तिनं फळ्याकडे पाहिलं. तो सूर्यास्त इथला होता. इतकी वर्षं सगळे त्याच आकड्यावर चालत होते. विमान दुपारीच पोचायचं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. पण पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी मावळतो. तिनं दोन गावांच्या रेखांशांमधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. बाबांकडचा सूर्यास्त सहा एकोणीसलाच होता. हातात एक मिनिटही नव्हतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. कदाचित विमान सुखरूप उतरलंही असतं. तिनं खडू उचलला, फळ्यावरचा आकडा खोडला आणि खाली तिकडचा लिहिला: सहा एकोणीस.

कप्तानांनी नवा आकडा वाचला. "पट्टीबाई, आज तुम्ही स्वतःच्याच बापाचं विमान अडवलंत," ते हळूच म्हणाले आणि प्रवाशांना उद्या सकाळचं सांगायला गेले.

तिनं फोन लावला.

"निघालं का गं?"

"नाही, बाबा. उद्या निघेल." मग तिनं सगळं सांगितलं.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण झेंडे हातात घेऊन बसलोय गं मघापासून. वेड्यासारखा."

फोन कानाशी धरून ती धावपट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. दोघंही काहीबाही बोलत राहिले: गवताबद्दल, गुडघ्यांबद्दल. ऊन केशरी होत गेलं.

"हा इथला सूर्य गेला," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे आहे का अजून?"

"आहे. धावपट्टीच्या पार टोकाला. जरासा वर."

"सरळ येतोय?"

ती हसली. "थोडा डावीकडे आहे."

"येऊ दे. घाई नाही." त्यांचा आवाज एकदम कामावरचा झाला. पलीकडे झेंड्यांचं कापड फडफडलं. ते उठून उभे राहिले असावेत. "वेग कमी. अजून कमी. सावकाश… हां, असाच."

सूर्य जमिनीला टेकला, पसरट झाला, आणि धावपट्टीभर लाल उजेड तिच्या पायांपर्यंत घरंगळत आला.

"उतरला, बाबा."

"धक्का बसला का?"

"अजिबात नाही."