छातीवरचं नाव

लॉरेन हेस्केथच्या घरी गुरुवार हा इस्त्रीचा वार. मुलगा नेथन जाऊन आठवडाही झाला नव्हता, उद्या त्याला मूठमाती द्यायची होती. पण रिकाम्या हातांनी बसलं की तिचा जीव कासावीस होई, म्हणून ती उशांच्या अभ्र्यांवर इस्त्री फिरवत होती. नवरा बॅरी गार झालेला चहा धरून नुसताच बसला होता.

फोनवरच्या सट्ट्यापायी नेथनने स्वतःचा जीव घेतला. आमच्या गावात त्याला सट्टा कोणी म्हणत नाही हो, 'जरा गंमत' म्हणतात. आधी शनिवारच्या मॅचवर गंमत, मग रोज कुठल्या कुठल्या देशांतल्या मॅचवर. बायको सोडून गेली, घर गेलं, तरी सट्ट्याची कंपनी फुकट पैजेची आमिषं पाठवतच राहिली. आग लागो त्या गमतीला!

दुपारी खासदार वेनराइट आले. ते गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्षही. शवपेटीवर पांघरायला त्यांनी क्लबचा शर्ट आणला होता, साऱ्या खेळाडूंच्या सह्यांचा. असा मान गावात क्वचितच कुणाला मिळतो. बॅरीला भरून आलं. बापलेक वर्षानुवर्षं शेजारी बसून याच शर्टासाठी घसा फोडत आले होते.

लॉरेनने शर्ट उलगडला. छातीवर ठसठशीत अक्षरांत त्याच सट्टा कंपनीचं नाव होतं. बिननावाचा मिळेल का, असं तिने विचारलं. मोठ्यांचा तसा निघत नाही, वेनराइट म्हणाले. मुलांच्या शर्टावर मात्र आपण ते नाव येऊ देत नाही. हे सांगताना त्यांना जरा अभिमानच वाटला.

"का बरं?" लॉरेनने विचारलं.

"कोवळं वय असतं. नाद लागायला नको."

लॉरेनने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे नाद लागतो, हे तुम्हाला ठाऊक होतं."

वेनराइट गडबडले. मग संसदेत घोकलेलं सगळं बाहेर पडलं. शहाण्यासुरत्या माणसांच्या हौसेत सरकारने नाक खुपसू नये, या धंद्याच्या करावर इस्पितळं चालतात, वगैरे.

"अगं, नेथनला आवडलं असतं," बॅरी हळूच म्हणाला.

"आवडलं असतं रे. तेच तर दुखतंय. पण त्या दुकानाची पाटी लावून माझं पोर मी मातीत घालणार नाही."

तिने शर्ट नीट घडी करून वेनराइटांच्या हातात दिला.

"मंगळवारी संसदेत पैजेला मर्यादा घालण्यावर मतदान आहे ना? तिथे मत द्यायला दारातून चालत जायचं, होकाराचं दार वेगळं, नकाराचं वेगळं, असं ऐकलंय. जा तुम्हाला हव्या त्या दाराने, वेनराइटसाहेब. पण हा शर्ट अंगात घालून जा. मी बघायला येणार आहे."

बॅरी उठला आणि त्याने खासदारांसाठी घराचं दार उघडलं.