जखडलेल्या डिफरन्शियलची जबानी

मी बोलतोय. नाव डिफरन्शियल. दचकू नका. गॅरेजवाले माझा उच्चार दहा प्रकारे करतात आणि गाड्यांचे मालक करतच नाहीत, कारण मी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. जुन्या गाडीच्या मागे वाकून पाहिलंत तर दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी फुगवटा दिसेल. त्याच्या आत मी. चिखल, शेण, खड्ड्यातलं पाणी, सगळं आधी माझ्याच अंगावर येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे आणि ती मी आज करणार आहे.

आधी माझं काम सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. तारपा नाचताना हातात हात घातलेली रांग वळते ना, तसंच. आतला माणूस जागच्या जागी पाय आपटतो आणि टोकाचा गडी धावून धावून घामाघूम होतो. दोघांनी सारखीच पावलं टाकायची म्हटलं तर रांग वळणारच नाही. माझ्या पोटातली लहान दातेरी चाकं दोन्ही बाजूंना आपापल्या चालीनं चालू देतात. तीस वर्षं मी हे काम बिनबोभाट केलं.

माझी गाडी म्हणजे एक पांढरी फियाट. ती मनोरमाबाईंच्या वडिलांची. त्यांनी जाता जाता ती जावयाला, म्हणजे एकनाथरावांना दिली. एकनाथराव डहाणू रोडला रेल्वेत कारकून होते. दर रविवारी गाडी धुऊन पुसून समुद्रावर जायची. मनोरमाबाईंची ताकीद एकच: "बाबांची गाडी आहे. तिच्यात काही कापाकापी करायची नाही."

२०१४ साली एकनाथराव निवृत्त झाले आणि वाणगावजवळच्या जमिनीत त्यांनी शेडनेट उभारून ढोबळी मिरची लावली. गाडीची मागची सीट निघाली, तिथे क्रेट आले. पावसाळ्यात शेतातला रस्ता म्हणजे नुसती राड. एक चाक राडीत गेलं की गरागरा फिरायचं आणि दुसरं स्वस्थ बसायचं. तो माझा स्वभावच आहे, ज्या चाकाला अडथळा कमी त्याला मी जास्त फिरवतो. एकनाथरावांनी मला वाट्टेल त्या शिव्या घातल्या आणि गाडी प्रविण मेकॅनिककडे नेली.

"काका, आतल्या गियरना वेल्डिंग मारून टाकू?" प्रविण म्हणाला. "दोन्ही चाकं जोडीनं फिरतील. कसल्याही चिखलातनं निघेल."

"मार."

"पण डांबरावर जपून हां. वळवायला गेलात तरी सरळ पळेल. रस्ता ओला असला तर मागून फेकेल. दुसऱ्या कोणाला चालवायला दिली तर सांगून ठेवा."

"अरे सांगेन की. फक्त हे मनोरमाच्या कानावर घालू नकोस."

झालं. माझी झाकणं उघडली, आत ठिणग्या उडाल्या, आणि जी चाकं वेगवेगळी फिरायला जन्माला आली होती ती एकमेकांना कायमची चिकटली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

खोटं कशाला बोलू, चिखलात मजा आली. शेजारचे ट्रॅक्टर रुतायचे आणि आमची म्हातारी फियाट मिरच्या घेऊन डुलत बाहेर पडायची. एकनाथराव स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचे. म्हणायचे, हातात कसब लागतं.

त्या शेतावर रूपी कामाला होती. ती तलासरी तालुक्यातल्या उधव्याची. हंगामाचे आठ महिने शेतावरच्या खोपीत राहायची आणि तिची लहान मुलगी जानी उधव्याला आजीपाशी. होळीला रूपी घरी जायची, तेव्हा पोर आधी आजीच्या मागे लपायची आणि ओळख पटेपर्यंत परतायचा दिवस यायचा. हे रूपी मिरच्या भरताना दुसऱ्या बायांना सांगायची. मी खालून ऐकायचो.

२०१६ मध्ये एकनाथरावांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्यांनी रूपीला गाडी फाटकापर्यंत न्यायला शिकवलं. ती अनवाणी पायानं क्लच दाबायची आणि पायाला कळतं तेवढं बुटाला कळत नाही. महिन्याभरात ती चिखलातून अशी गाडी काढू लागली की बघत राहावं. मग एकनाथराव शेजारी बसून तिला शिकाऊ लायसनवर वाणगावच्या बाजारापर्यंत गाडी न्यायला लावू लागले. तिथे आमची दोघांची परीक्षा सुरू झाली.

डांबरी वळण आलं की रूपी स्टिअरिंग फिरवायची आणि गाडी सरळच रेटायची. मागची चाकं सारख्याच वेगानं फिरत, त्यातलं एक मुकाट्यानं फरफटत जायचं. टायर किंचाळायचे, अंगभर हिसके बसायचे. ती आणखी जोर लावायची. पाऊस झालेला असला तर उलटच, जरा पेट्रोल दिलं की दोन्ही चाकं एकदम घसरायची आणि मागचा भाग रस्ता सोडायचा.

"तुझे हातच जड," एकनाथराव म्हणायचे. "कोयता धरणाऱ्या हाताला स्टिअरिंग कसं जमणार?"

ऐकलंत? त्यांना सगळं ठाऊक होतं. मूग गिळून बसले, कारण खरं बोलले असते तर ते मनोरमाबाईंपर्यंत पोचलं असतं. आणि रूपीला खरंच वाटलं की हात जड आहेत. तिनं दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती, मग नीट गाडी कशी वळते हे तिला कुठून कळणार? दुपारच्या सुट्टीत ती रिकाम्या टोपलीची कड धरून हात फिरवत बसायची. पुढे एक दिवस ताण सहन न होऊन चाक फिरवणारा एक दांडा, म्हणजे एक्सल, तुटला. त्याचंही खापर तिच्यावर फुटलं. मी पोटातून ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे फक्त खडखडाट.

२०१७ च्या पावसाळ्यात उधव्याहून निरोप आला. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला गाडी मिळाली होती आणि अधीक्षक बाईंना चालवायला बाईच हवी होती. दिवाळीपर्यंत पक्कं लायसन आणलं तर जागा रूपीची. म्हणजे रोज संध्याकाळी घरी, जानीजवळ. रूपीनं तो निरोप आणणाऱ्याला तीनदा बोलायला लावला.

लायसनच्या कॅम्पात मैदानावर चुन्यानं आठचा आकडा आखलेला होता, कडेला बांबू रोवलेले. पहिल्या खेपेला जमीन कडक होती. मी वळू दिलं नाही, गाडी बाहेर गेली आणि बांबू आडवा झाला. नापास. दुसऱ्या खेपेला सकाळी सर येऊन गेली होती. रूपीनं जरा जोर दिला, मागचा भाग फिरला आणि मागचा बांबू पडला. पुन्हा नापास. लोक हसले. एकनाथराव गाडीतून उतरून म्हणाले, "नाद सोड आता." परतीच्या वाटेवर तिनं सगळी वळणं दात ओठ खाऊन घेतली.

दोन दिवसांनी ती पंक्चर काढायला प्रविणकडे आली. तिथे दुसरी एक फियाट जॅकवर होती, एकच मागचं चाक उचललेलं. प्रविणनं सहज हात मारला आणि ते चाक गरागरा फिरलं.

रूपी बघतच राहिली. "प्रविणभाई, आमच्या गाडीचा चाक असा नाय फिरत."

"हँडब्रेक ओढलेला असेल."

"नाय. ब्रेक सोडलेला, गियर काढलेला, पुढं दगड लावलेला. चाक उचलला तरी हलला नाय. मना वाटला सगळ्या गाडीचा तसाच असतो."

प्रविणनं मान खाली घातली. मग आमची मागची दोन्ही चाकं उचलली आणि त्या फियाटचंही दुसरं चाक वर घेतलं. "डावं फिरव," म्हणाला. रूपीनं डावं फिरवलं, उजवंही त्याच बाजूला फिरलं. "आता त्या गाडीचं फिरव." तिथे डावं पुढे गेलं तर उजवं मागे. तिनं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मग प्रविणनं सगळं सांगितलं, वेल्डिंगपासून एकनाथरावांच्या ताकिदीपर्यंत.

"म्हंजे माझा हात जड नाय," रूपी म्हणाली. एवढंच. मला तेव्हा जे वाटलं ते मी तीस वर्षांत कधी अनुभवलं नव्हतं.

ती प्रविणला गाडीत बसवून थेट एकनाथरावांच्या घरी गेली. मनोरमाबाई दारातच होत्या.

"शेठ, गाडीचा मागचा चाक कोणी बांधला?"

एकनाथराव चपापले. "शेतापुरतं केलं होतं. तुला रस्त्यावर जायला कोणी सांगितलं?"

"तुमीच. बाजारात कोण पाठवत होता? बाजूला कोण बसत होता?"

मनोरमाबाईंनी प्रविणकडून सगळं काढून घेतलं. आधी त्या बाबांच्या गाडीसाठी चिडल्या. मग त्यांनी रूपीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "दोनदा नापास झाली ना ही? आणि तुम्ही शेजारी बसून होतात?" चांगला डिफरन्शियल वापीच्या भंगारातून यायला पंधरा दिवस लागणार होते आणि दिवाळीआधीचा शेवटचा कॅम्प चार दिवसांवर. मनोरमाबाईंनी खुंटीवरची दुसरी किल्लीही काढून रूपीच्या हातात ठेवली.

तिसऱ्या खेपेला प्रविण शेजारी बसला. रूपी आधी मैदानात पायी फिरली. आठच्या आतल्या बाजूला मुरूम सुटा झाला होता, तिनं तो पायानं चाचपला. सुट्या मुरुमावर आतलं चाक घसरायला मोकळं असतं आणि चाक घसरलं की मी हट्ट सोडतो, हे तिला आता ठाऊक होतं. तिनं वळण लवकर धरलं, वेग अगदी कमी ठेवला, आतलं चाक बरोबर मुरुमावरून नेलं. मी कुरकुरलो, तरी वळलो. आठ पुरा झाला. एकही बांबू हलला नाही.

परीक्षा घेणारे साहेब जवळ आले. "टायर एवढे का ओरडतात?"

"गाडीत खोट हाय साहेब. हातात नाय."

"मग असली गाडी आणलीस कशाला?"

"दुसरी कोणी दिली नाय."

साहेबांनी तिच्या फॉर्मवर सही केली. दिवाळीच्या आधी रूपी उधव्याला गेली.

माझ्या जागी वापीचा डिफरन्शियल आला. प्रविण मला भंगारात टाकणार होता, तर रूपीच मला मागून घेऊन गेली. तिनं त्याच्याकडून तुटक्या एक्सलचे दोन तुकडे माझ्या दोन्ही बाजूंना बसवून घेतले. आता २०१९ साल आहे. मी तिच्या अंगणात एका लाकडी ठोकळ्यावर असतो. रविवारी तिचा भाऊ लाहू आपली जुनी ओम्नी देतो आणि पाड्यावरच्या तीन बाया गाडी शिकायला येतात. त्यातली बायजी आधी एकनाथरावांच्याच शेतावर होती.

पहिल्या दिवशी रूपी कोणालाही गाडीत बसवत नाही. आधी मला फिरवायला लावते. "एक टोक फिरव. दुसरा त्याच बाजूला जातो ना? आता ओम्नीचा चाक फिरव नि बघ. कोणी तुला म्हणाला तुझा हात जड, तर आधी गाडी उचलून बघायची." जानी दर वेळी मध्ये घुसते आणि तिलाही फिरवायचं असतं.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. कोणाला वळता येत नाही असं दिसलं तर त्याच्या हातांना नावं ठेवण्याआधी खाली वाका. मी बिघडलेला आहे, मान्य. पण मला बिघडवलेलं आहे, आणि ते लपवायला मी कोणाला मदत करणार नाही. मला वितळवलंत तरी नाही.

एकनाथरावांना हे रविवार कळले. त्यांनी प्रविणच्या हाती निरोप धाडला: तो लोखंडाचा गोळा माझ्या गाडीचा आहे, परत दे.

रूपीनं उलट निरोप दिला. "घेऊन जा म्हणावं. फक्त स्वतः या, आणि या बायांसमोर सांगा की तो असा कसा झाला."

या गोष्टीला पावसाळा उलटून गेला. एकनाथराव अजून उधव्याला आलेले नाहीत.