आडनावाचा पत्ता

घटस्फोटानंतरही डॉक्टरीणबाई माजी सासऱ्यांच्याच दवाखान्यात लहान मुलांना तपासत राहिल्या. इतक्या वर्षांचे पेशंट सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

वेबसाइटवर मात्र त्यांनी माहेरचं आडनाव लावून घेतलं. वेबसाइट सांभाळणारा म्हणाला, "डॉक्टरांच्या पानांचा पत्ता आडनावावरूनच बनतो, मॅडम. तो बदलेल. पण जुना पत्ता तुमच्या नव्या पानाकडे वळवून ठेवतो."

वर्षाच्या आत माजी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. नवी बायकोही मुलांचीच डॉक्टर. तिचं पान तयार झालं, तेव्हा सिस्टिमनं आडनाव पाहून तो जुना पत्ता तिला देऊन टाकला. केसपेपरवर छापलेला, आयांच्या फोनमध्ये साठवलेला पत्ता तोच होता. अपॉइंटमेंटा तिकडे जाऊ लागल्या आणि बाईंच्या खोलीबाहेरची बाकं रिकामी पडली.

बाई सासऱ्यांकडे गेल्या. "पत्ते पूर्ण नावावरून बनवायला सांगा. सेटिंग बदलायचं, एवढंच काम आहे."

"बसलेली घडी कशाला विस्कटायची? आणि आडनाव तूच टाकलंस ना? आम्ही थोडंच काढून घेतलं?"

"आडनाव तुमचं होतं, ते परत केलं. पेशंट माझे होते."

"पेशंट दवाखान्याचे असतात," सासरे शांतपणे म्हणाले.

महिनाअखेरीस बाईंनी राजीनामा दिला. त्या खोली आवरत असताना नवी सून दारात आली. "ताई, काही मदत करू का?" तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाईंना तिच्यावर धड रागावताही येईना.