पोटातला दिवा

मी माउस बोलतोय. उंदीर म्हणा हवं तर, मला राग नाही. लांब शेपटी आहे, पाठ गुळगुळीत आहे, कानांच्या जागी दोन बटणं आहेत. पण कुठल्याही उंदराकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे. माझ्या पोटात लाल दिवा आहे. त्याच्या उजेडात मी टेबल बघतो, आणि मी जसा सरकतो तसा समोरच्या काचेवर एक पांढरा बाण सरकतो. हे कसं होतं ते मलाही नीट कळलेलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी बाण हलला की मी थक्क होतो.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. आठवतं ते उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधलं दुकान. तिथून सेठ किशनलाल यांनी भरपूर घासाघीस करून मला उचललं आणि कॅम्प पाचमधल्या आपल्या जीन्सच्या कारखान्यात आणलं. तिथे माझं कुटुंब आधीच मांडलेलं होतं. चित्र दाखवणारा मॉनिटर, अक्षरं टाइप करायचा कीबोर्ड, आणि टेबलाखाली घुर्र घुर्र करत सगळा विचार करणारा सीपीयू. बिचाऱ्याला कोणी बघत नाही, पाय मात्र सगळ्यांचे लागतात.

आम्हाला चालवायची तेजल, बदलापूरची मुलगी. मालाची लेबलं छापणं हे तिचं काम. तिला दुसरीकडे नोकरी लागली आणि तिच्या खुर्चीवर कोण बसणार असा प्रश्न आला. तेव्हा पॅकिंगच्या टेबलामागून अंजनीबाई पुढे आली. अंबरनाथची, पन्नाशीकडे झुकलेली. दिवसभर उभं राहून जीन्सच्या घड्या घालायच्या, खोके भरायचे. आता तिचे गुडघे पार गेले होते. उभ्याचं काम सुटलं असतं तर घर चालवायला दुसरं कोणी नव्हतं.

"सेठ, मी शिकते," ती म्हणाली.

सेठ हसले नाहीत, एवढं बरं. "ठीक है, अंजनीबाई. दशहरे के दूसरे दिन लेबल बनाके दिखाओ. बन गया तो कुर्सी तुम्हारी."

दुपारच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने मला हात लावण्याआधी नमस्कार केला. "गणपतीचं वाहन आहे ना," ती म्हणाली. मी इतका ओशाळलो की काय सांगू. तिचा हात खरखरीत होता. टेबलाची कड आली की ती थांबायची. "तेजल, रस्ता संपला गं!"

"मावशी, उचला त्याला आणि परत मागे ठेवा. बाण आहे तिथेच राहतो."

तिने उचललं, ठेवलं. बाण खरंच तिथेच होता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही चमत्कार केला!

खरा चमत्कार तर ती करत होती. तेजलने सांगितलेला एकेक शब्द ती आपल्या कामाच्या मापात बसवून घ्यायची. डेस्कटॉप म्हणजे पॅकिंगचं टेबल. फाइल म्हणजे घडी घातलेली पँट, फोल्डर म्हणजे खोका. उघडायचा तर माझ्या डाव्या बटणावर पटापट दोन टिचक्या, म्हणजे डबल क्लिक. रिसायकल बिन म्हणजे रिजेक्ट मालाचा ढीग, भंगारवाला येईपर्यंत त्यातून परत काढता येतं.

"आणि सेव्ह?" तेजलने विचारलं.

"खोक्याला टेप मारणं. टेप न मारता खोका उचलला तर सगळं खाली."

तेजल खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागली. "मावशी, मला क्लासमध्ये कोणी असं सांगितलं नाही हो!"

एकदा मॉनिटर काळा झाला तशी अंजनीबाई घाबरली. "मेला काय गं हा?" तेजल म्हणाली, "झोपलाय. याला स्लीप म्हणतात. माउस हलवा, जागा होईल." मला हलवल्याबरोबर काच उजळली. अंजनीबाईने छातीवर हात ठेवला.

दसरा आला. कारखाना धुतला, शिलाई मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या, बायका हळदकुंकू लावत फिरल्या. अंजनीबाई मात्र दाराशी उभी. नवरा गेला तेव्हा बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हापासून पूजेत ती मागेच राहायची, कोणाला सांगावंही लागत नसे. तेजलने कुंकवाचा करंडा सरळ तिच्या हातात दिला.

"मावशी, तुमच्या माउसला तुम्हीच लावा."

"अगं, मी कशी..."

"मग कोण लावणार? मी तर चालले."

तिने करंडा घेतला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. कुंकू ओलं करून तिने मला उलटं केलं. पोटातला दिवा दिसला आणि तिथेच, जिथे उजेड, तिथेच तिने चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मला कधी कोणी इतका मान दिला नव्हता. त्या क्षणी मला काहीच दिसेनासं झालं, पण तक्रार करायचं मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र माझा जीव खालीवर झाला. दारात टेम्पो उभा, सोलापूरला जायच्या भरलेल्या खोक्यांना लेबलं लावायची बाकी, आणि बाण जागचा हलेना. अंजनीबाई मला सरकवते, उचलते, ठेवते. काही नाही. तेजल नव्या नोकरीवर, फोन उचलत नव्हती.

"अंजनीबाई, हो जाएगा ना? टेम्पोवाला चिल्ला रहा है," सेठ म्हणाले.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, मला उलटं कर! पण मला तोंड कुठे आहे? मग तिलाच काय आठवलं कोण जाणे, तिने मला उलटं केलं. पोटात उजेडाच्या जागी वाळलेलं कुंकू घट्ट बसलेलं. तेजलने सांगितलेलं तिला आठवलं असणार, की हा दिव्याच्या उजेडात टेबल बघतो. तिने अंगठा उचलला आणि तसाच थांबवला.

"कुंकू पुसू कशी रे?" ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू आलं.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. अंगठा ओला करून तिने ते पुसायला घेतलं. "पुसते बाबा. तुला दिसावं म्हणून पुसते हो."

दिवा मोकळा झाला. टेबल दिसलं. बाण धावला! मग तिची बोटं थांबली नाहीत. फोल्डर उघडला, फाइल उघडली, साइज बदलला, टेप मारली, म्हणजे सेव्ह केलं, आणि प्रिंटर कुरकुरत लेबलं ओकू लागला. खोके गेले. सेठ एवढंच म्हणाले, "कल से इधर ही बैठना."

सगळे निघून गेल्यावर ती खुर्चीत टेकली. तिने हातानेच कपाळाचा घाम पुसला. बराच वेळ कोणी हलवलं नाही म्हणून मॉनिटर झोपला आणि त्या काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. कपाळावर माझ्या पोटातलं कुंकू लागलं होतं.

तिचा हात पदराकडे गेला. पदराचं टोक कपाळापर्यंत आलं. मी श्वास रोखला, माझ्याकडे श्वास नसतानाही. मग तिने पदर सोडला आणि हात माझ्यावर ठेवला. मॉनिटर जागा झाला, काचेतला चेहरा गेला, आणि ती तसंच कुंकू कपाळावर घेऊन अंबरनाथला घरी गेली.

आता मी म्हातारा झालोय. डावं बटण झिजलंय, मधलं चाक अडखळतं. सेठ नवीन माउस आणतो म्हणतात, ती आणू देत नाही. दसऱ्याला ती मला कुंकू लावते, पण आता पाठीवर. तिच्या कपाळावरही रोज बारीकशी टिकली असते.

उद्या मी कोणा नवशिक्याच्या हाती आलो आणि बाण हलेनासा झाला, तर घाबरू नका. मला उलटं करा, पोट पुसा. पाठीवरचं मात्र पुसू नका.